युक्रेनचं अव्दीव्का शहर पडलं ते रशियामुळे की वॉशिंग्टनमुळे?

सांजवारा:
परवा कट्ट्यावर एक जण म्हणाला, अमेरिकेसारखा दोस्त पाठीशी असला की छोट्या देशाला काय टेन्शन. म्हटलं, युक्रेनवाल्यांना विचार बाबा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बायडननी काँग्रेसकडे, म्हणजे तिकडच्या संसदेकडे, १०६ अब्ज डॉलर मागितले, त्यातले ६१ च्या आसपास युक्रेनसाठी. आता यात मेक्सिको बॉर्डरचा काय संबंध? पण रिपब्लिकन म्हणाले आधी आमची बॉर्डर बघा. बरं, मग सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी बसून बॉर्डरचा तोडगा काढला तर ट्रम्पनी, जे तेव्हा साध्या पदावरही नव्हते, तो नको म्हणून सांगितलं आणि चार दिवसांत तो गुंडाळला. शेवटी १३ फेब्रुवारी २०२४ ला सिनेटनं बॉर्डर वगळून बिल ७०-२९ नं पास केलं, आणि स्पीकर माइक जॉन्सननी ते हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, घेतलंच नाही. चारच दिवसांनी, १७ तारखेला, अव्दीव्का रशियाच्या हाती गेलं. तिथले सैनिक तोफगोळे मोजून वापरत होते. हाऊसमध्ये मतदान झालं २० एप्रिलला, ३११ विरुद्ध ११२! म्हणजे मतं होती हो, फक्त मांडायचं नव्हतं, कारण आधीच्या स्पीकरची, मॅकार्थीची, खुर्ची त्याच्याच पक्षातल्या मूठभरांनी ओढली होती आणि जॉन्सनना आपली सांभाळायची होती. एका माणसाच्या खुर्चीपायी दुसऱ्या देशातलं शहर.

खडूसकाका:
अर्धवट गोष्ट सांगू नका. भरतीचं वय २७ वरून २५ करायचा कायदा युक्रेनच्या संसदेनं मे २०२३ मध्ये पास केला होता, झेलेन्स्कींनी सही कधी केली? २ एप्रिल २०२४. जवळपास दहा महिने कागद टेबलावर. का तर लोकांना आवडणार नाही म्हणून! मग राजकारण फक्त वॉशिंग्टनलाच होतं का? आणि अव्दीव्का २०१४ पासून आघाडीवर होतं, तरी त्याच्या मागची खंदकांची फळी धड तयार नव्हती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

सांजवारा:
काका सहीचा मुद्दा मान्य, तो पूर्ण मान्य. पण पोरं भरती करून त्यांच्या हातात द्यायचं काय? ११ एप्रिल २०२४, कीवजवळचं त्रिपिल्स्का वीज केंद्र. अकरा मिसाइल आली, सात पाडली, उरलेल्या चारनी केंद्र संपवलं, आणि झेलेन्स्कींनी स्वतः सांगितलं की आमच्याकडची मिसाइलच संपली होती. ते बिल तेव्हा अजून हाऊसमध्ये लटकलेलं होतं, मतदानाला नऊ दिवस होते.

भाजीवाली_गल्ली:
मला एक कळत नाही, अमेरिकेतल्या माणसानं का द्यावेत पैसे? त्याचं घरभाडं वाढलंय, त्यानं आपल्या खासदाराला प्रश्न विचारला तर ते "राजकारण" आणि कीवला पैसे गेले तर "तत्त्व"? लोकशाही आहे ना ती. आपल्याकडे उद्या कुणी म्हणालं की तुमच्या टॅक्समधून अमक्या देशाला तोफगोळे, तर पहिली बोंब आपणच मारू.

रात्रपाळी:
ताई पैसे कीवला पोत्यात भरून जात नाहीत ओ. शस्त्रांवरचा बराचसा पैसा अमेरिकेतच खर्च होतो, १५५ मिलिमीटरचे गोळे पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनच्या कारखान्यात बनतात, ते कामगार पण मतदारच आहेत. आणि हे एकदाच झालंय असं पण नाही. २०१९ ला ३९१ दशलक्ष डॉलरची मदत अडवून ठेवली आणि वर झेलेन्स्कींना फोनवर बायडनची चौकशी करा म्हणून सांगितलं, त्यावरूनच ट्रम्पवर पहिला महाभियोग आला. मग २०२५, २८ फेब्रुवारीला ओव्हल ऑफिसमधलं ट्रम्प-झेलेन्स्कींचं ते भांडण सगळ्या जगानं लाइव्ह बघितलं, ३ मार्चला मदत बंद, ५ तारखेला गुप्त माहिती देणं बंद, ११ तारखेला जेद्दाला बोलणी झाल्यावर परत चालू. नळ आहे का काय हा? ज्याच्या रडारची माहिती असा आठवडाभर बंद होऊ शकते त्यानं युद्धाचं प्लॅनिंग करायचं कसं.

खडूसकाका:
म्हणूनच म्हणतो, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ नये. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेननं १९०० च्या आसपास अण्वस्त्रं देऊन टाकायचं कबूल केलं, बदल्यात काय, तर सुरक्षेचं आश्वासन. गॅरंटी नव्हे, आश्वासन.

रात्रपाळी:
त्या अण्वस्त्रांचे कोड मॉस्कोकडे होते काका, ठेवून लोणचं घालायचं होतं का?

शेजारपाजारी:
युक्रेन लांब आहे, आपल्या शेजारचं बघा. अफगाणिस्तानात रशियन होते तोवर अमेरिकन राष्ट्राध्यक्ष दरवर्षी सर्टिफिकेट द्यायचे की पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही. प्रेसलर दुरुस्ती हा १९८५ चा अमेरिकन कायदा, त्यात अटच होती की सर्टिफिकेट नाही तर पाकिस्तानला मदत नाही. १९८९ ला रशियन परत गेले आणि १९९० ला सर्टिफिकेट मिळेना! कागद तोच, पाकिस्तान तोच, गरज संपली. पैसे भरलेली एफ-१६ ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली आणि १९९८ ला तडजोड झाली तेव्हा काही रक्कम रोख आणि काही गहू वगैरे मालाच्या रूपात. विमानाच्या बदल्यात गहू. आपल्याला तेव्हा हसू आलं, पण आपली सुखोई पण रशियाच्या स्पेअर पार्टवरच उडतात हे विसरू नका.

भाजीवाली_गल्ली:
गहू 😂 हे माहीतच नव्हतं.

खडूसकाका:
मग बघा, ठेच लागली की माणूस शिकतो. १ जून २०२५ ला युक्रेननं स्वतःच्या ११७ ड्रोननी रशियाच्या आत घुसून बॉम्बर विमानं जाळली. घरी बनवलेली, ट्रकमधून नेलेली, कुठल्या स्पीकरची परवानगी लागली नाही.

सांजवारा:
हो, ते भारीच होतं. पण ड्रोननी विमान जाळता येतं, आकाशातून येणारं बॅलिस्टिक मिसाइल नाही पाडता येत, त्याला पॅट्रियटसारखी मिसाइल पाडणारी यंत्रणाच लागते, आणि पॅट्रियट कीवच्या गॅरेजमध्ये बनत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी वॉशिंग्टननं काही शस्त्रांची खेप परत थांबवलीच की, त्यात पॅट्रियटची मिसाइलं पण होती.