थंडीच्या रात्री बाळाची ऊब : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ

परवा पहाटे निफाडहून भाचीचा फोन आला. तिचे बाळ २३ दिवसांचे आहे. "मावशी, याचे हात बर्फासारखे लागताहेत, आणखी एक गोधडी घालू का?" एवढेच तिने विचारले, आणि मला १९९६ च्या डिसेंबरातील आमची एक रात्र जशीच्या तशी आठवली.

आमच्या भागातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना द्राक्षबागांत पहाटे पेटवलेल्या शेकोट्या आठवत असतील. माझा मुलगा तेव्हा महिन्याचा होता. त्याचे तळहात गार लागले म्हणून मी झबल्यावर स्वेटर, डोक्याला लोकरीचे टोपडे, पायांत मोजे आणि वर दोन गोधड्या असा सगळा जामानिमा केला. खोलीची दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि बाजेखाली शेगडीही होती. मध्यरात्री दुधाची वेळ टळून गेली तरी तो रडला नाही, म्हणून मी गोधडीत हात घातला, तर त्याची मान घामाने निथळत होती, चेहरा लालबुंद झाला होता आणि श्वास जलद चालला होता. मी घाईने पांघरुणे काढली, टोपडे काढले, दार उघडले आणि त्याला उराशी धरून बसून राहिले. काही वेळाने तो दूध प्यायला, पण तोपर्यंतची ती मिनिटे मी अजून विसरू शकलेले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, की बाळाला थंडी वाजते आहे की उकडते आहे हे त्याच्या हातांवरून ओळखायचे नाही, पोटाला आणि मानेच्या मागच्या बाजूला हात लावून पाहायचे.

भाचीला मी हेच सांगितले. तरी माझी माहिती २९ वर्षांपूर्वीची आहे, म्हणून तुम्हा सर्वांचे अनुभव हवे आहेत.

रानजाई

ताई, वाचताना माझ्याच छातीत धडधडले. तुमचा मुलगा सुखरूप राहिला हे वाचून बरे वाटले. मला एक शंका आहे. आमच्याकडे येणाऱ्या आशाताईंनी (आशा म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका) बाळाचे तळपाय गार असणे चांगले नाही असे सांगितले होते आणि तुमचे डॉक्टर हातांकडे पाहू नका म्हणाले. मग नक्की काय पाहायचे?

निवृत्त परिचारिका

रानजाई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी ३१ वर्षे प्रसूती कक्षात काम केले आणि रात्रपाळीत दर फेरीला हीच तपासणी करत असे. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायांना लावायची. दोन्ही उबदार असतील, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि तळपाय गार असतील, तर नवजात बाळाला थंडी बाधू लागली आहे असे समजून त्याला आईच्या अंगाशी घ्यायचे आणि दूध पाजायचे. पोटही गार लागले, तर तो धोका आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून झाकून, त्याच स्थितीत दवाखान्यात न्यायचे. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. मोठ्या बाळाचे नुसते तळहात गार लागले, पण पोट आणि मान उबदार असतील, तर एवढ्यावरून पांघरुणे वाढवण्याचे कारण नसते.

नवजात बाळ आपल्यासारखे कुडकुडू शकत नाही. त्याच्या मानेजवळ आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबीचा साठा असतो, तो जाळून ते ऊब निर्माण करते आणि त्या कामात त्याची शक्ती खर्च होते. थंडी लागलेले बाळ रडतेच असे नाही. उलट ते मलूल होते आणि दूध ओढेनासे होते. म्हणूनच जन्मतः बाळाला लगेच कोरडे करायचे आणि पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवायची.

आता शेगडीविषयी कळकळीने लिहिते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. एका घरी बाळंतिणीला आणि तिच्या सासूबाईंना पहाटे डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, तेव्हा खोलीत कोंडलेली शेगडी हेच कारण निघाले. ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंगाची धुरी हा मायेचा संस्कार आहे हे मला मान्य आहे, पण त्या धुरातही बाळाला कोंडून ठेवू नये.

जुळ्यांची आई

माझ्या दोन्ही मुली आठव्या महिन्यात जन्मल्या. एक १६०० ग्रॅमची आणि दुसरी १७५० ग्रॅमची. काचेच्या पेटीतून बाहेर आल्यावर त्यांना छातीशी धरून बसायला सांगितले, तेव्हा माझ्या आईचा विश्वासच बसेना, कारण अंगावर फक्त टोपी आणि लंगोट ठेवून एवढे लहान बाळ उबदार राहील हे तिला पटत नव्हते. माझ्या उघड्या छातीवर एक मुलगी आणि शेजारी माझ्या यजमानांच्या छातीवर दुसरी, वरून मऊ कापडाने बांधलेल्या, अशा आम्ही कितीतरी रात्री टेकून बसून काढल्या. या पद्धतीला कांगारू माता निगा म्हणतात. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी ती सुरू केली, कारण तिथे पेट्या अपुऱ्या पडत होत्या. कमी वजनाच्या बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास असे धरावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वडिलांनीही धरले तरी चालते, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरी त्यावरून बराच संकोच होता.

सातपुडा

मी वडील म्हणून लिहितो आहे. आमच्या बाळाला थंडी बाधायची ती पांघरूण कमी पडल्यामुळे नाही, ओल्या लंगोटामुळे. रात्री सात-आठ वेळा लंगोट बदलावा लागे आणि दोरीवरून काढलेले गार कापड लागताच ते दचकून रडू लागे. मग मी झोपताना कोरडे लंगोट आणि एक दुपटे माझ्याच पांघरुणात घेऊ लागलो. कापड अंगाच्या उबेने कोमट राहत असे. रबरी पिशवीत गरम पाणी भरून बाळाजवळ ठेवण्याची कल्पना मात्र आम्ही सोडून दिली, कारण मला सोसवणाऱ्या उष्णतेनेही त्याची कातडी भाजू शकते.

दुपट्यात गुंडाळताना बाळाचे पाय सरळ ओढून घट्ट बांधू नयेत, ते मांडीतून दुमडून मोकळे हलू द्यावेत, नाहीतर खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते, हे आम्हाला उशिरा कळले. बाळ कुशीवर वळू लागले की गुंडाळणेही बंद करायचे.

ऊसपट्ट्यातली आशा

तुमच्या सर्वांच्या घरांना दारे-खिडक्या आहेत, म्हणून माझा अनुभव थोडा वेगळा आहे. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या कारखान्याच्या परिसरात येतात आणि शेताकडेला कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. नवजात बाळासाठी ४२ दिवसांच्या भेटींचे आमचे वेळापत्रक असते: दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पण टोळीतील बाळाचा दिवस कोणता हे आधी आईला विचारत जावे लागते, कारण तिची नोंद तिच्या गावी असते.

एका कोपीत १२ दिवसांचे बाळ पातळ चादरीवर जमिनीवर झोपवलेले होते. वरून तीन पांघरुणे होती आणि तरीही तळपाय गार होते. ऊब खालून जमिनीत जात होती. आम्ही उसाचे कोरडे पाचट जाड पसरले, त्यावर पोते आणि पोत्यावर घट्ट ताणून गोधडी घातली, कोपीच्या वाऱ्याकडच्या बाजूला ताडपत्री लावली आणि बाळाला आईच्या अंगाशी दिले. अर्ध्या तासाने पाय उबदार लागले. ती आई अंधारातच फडावर जायची आणि बाळ आठ वर्षांच्या बहिणीपाशी राहायचे. त्या मुलीलाच मी पोट आणि पाय तपासायला शिकवले आणि ती रोज न चुकता तपासत होती. मुकादमाशी बोलून त्या आईला काही दिवस उशिरा कामावर जाता आले, याचे मला समाधान आहे.

आशांच्या हाती घरी जाऊन बाळ तपासण्याचे काम आले, त्याचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आमच्या साहित्यात वजनकाटा आणि थर्मामीटरबरोबर बाळाची उबदार पिशवीही असते.

लीड्सकर

इथे ब्रिटनमध्ये घरी येणाऱ्या परिचारिकेने पहिल्याच भेटीत खोलीचे तापमान विचारले. ते १६ ते २० अंश असावे, बाळ पाठीवर झोपवावे, पाळण्यात उशी आणि सैल पांघरूण नसावे आणि घरात झोपताना टोपी काढावी, असे तिने सांगितले, कारण बाळाची बरीचशी जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि टोपी घसरून नाकावरही येऊ शकते. ब्रिटनमध्ये १९९१ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाल्यानंतर झोपेत अचानक होणारे बालमृत्यू झपाट्याने कमी झाले.

सासूबाईंनी साताऱ्याहून स्वतः शिवलेली गोधडी आणली होती. ती रात्री पांघरायची नाही हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटले. शेवटी रात्री बाळ बिनबाह्यांच्या झोपपिशवीत झोपू लागले आणि दिवसा त्याच गोधडीवर पालथे पडून खेळू लागले. पिशवी घेताना गळा नीट बसतो ना, डोके आत सरकत नाही ना, एवढे पाहून घ्या.

रानजाई

म्हणजे कुंचीही रात्री नको का? माझ्या आजीने खणाची कुंची शिवली आहे, काठाला मोती आहेत.

निवृत्त परिचारिका

कुंची आंघोळीनंतर आणि अंगणात नेताना जरूर घाला, वाऱ्यापासून डोके, कान आणि पाठ एकदम झाकणारे तसे दुसरे वस्त्र नाही. झोपवताना मात्र काढून ठेवा. मोती किंवा बांधायचे बंद असलेले काहीही पाळण्यात नको. जन्मतःच्या दिवसांत किंवा वजन कमी असताना डॉक्टरांनी टोपी ठेवायला सांगितली असेल, तर मात्र त्यांचेच ऐका.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हे सारे मी काल रात्री भाचीला फोनवर वाचून दाखवले. शेगडी ओसरीवर गेली आहे, बाळाला सुती झबले, वर पातळ स्वेटर आणि काखेखाली घट्ट खोचलेले एकच दुपटे आहे. पहाटे चार वाजता तिचा निरोप आला, की पोट उबदार आहे, तळपायही उबदार आहेत आणि दूध पिऊन तो पुन्हा झोपला आहे. आशाताई, त्या आठ वर्षांच्या मुलीविषयी आणखी लिहाल का?