घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात, वाफ मात्र उरते

‘ताम्हिणीत सगळं पाणी पिळून निघतं, म्हणून पुण्याला कोरडी हवा मिळते’ असं म्हणतात, ते अर्धंच बरोबर आहे. पर्जन्यछाया (डोंगराआड पाऊस कमी पडणं) खरी, पण हवा कोरडी नसते. कोकणातली जुलैची हवा घ्या: तापमान २७, दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो) २४ अंश. अशा एक किलो हवेत साधारण १९ ग्रॅम वाफ असते. हीच हवा हजार मीटर चढून २१ अंशांपर्यंत थंड झाली, तरी तिच्यात १७ ग्रॅमहून जास्त वाफ मावते. म्हणजे एका चढणीत किलोमागे जेमतेम दीड-दोन ग्रॅम पाणी सुटतं. घाटात पाऊस धो-धो कोसळतो तो पश्चिमेचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही म्हणून.

पुण्याकडे येताना कमी पडते ती उचल, म्हणजे हवेचं वर चढणं. माथा ओलांडून हवा खाली उतरते, तापते आणि थेंब पुन्हा वाफ होतात. म्हणून जुलैत इथे दिवसभर करडे, खालून पूर्वेकडे पळणारे ढग, कपडे वाळत नाहीत, आणि तरी नुसती भुरभुर. तीच वाफ सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारी तापल्या जमिनीवरून सरळ वर गेली, की तासाभरात रस्त्यांचे ओढे होतात!