‘बोलचाल’, ‘बोलाचाली’ आणि ‘मला बोलला’

बोरीकाठ
अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारचं घर चुलत आजोबांचं. बांधावरून बिनसलं त्याला पंधरा वर्षं झाली. आजी अजून सांगते, “त्यासनी नि आमनी बोलचाल नही.” परवा पेपरात बातमी वाचली, ‘किरकोळ बोलाचालीतून हाणामारी’. म्हणजे बोलचाल असली तर संबंध आहेत, आणि बोलाचाली झाली की संबंध गेले. बोलणं तेच, चालणं तेच. मधल्या एका ‘आ’ने आणि शेवटच्या ‘ई’ने एवढा फरक कसा पडतो?

जुना पंतोजी
फरक त्या साच्यातच आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, बाचाबाची. एकच कृती दोन्हीकडून, उलटसुलट. संस्कृतात केशाकेशि, दण्डादण्डि असे शब्द आहेत: एकमेकांचे केस धरून, एकमेकांवर दंडुके उगारून झालेली लढाई. त्यांच्या शेवटच्या ‘इ’साठी पाणिनीने ‘इच् कर्मव्यतिहारे’ असं वेगळं सूत्रच केलंय. व्यतिहार म्हणजे देणं आणि घेणं, दोन्ही. ‘बोलचाल’ हा साधा जोडशब्द, ‘बोलचालीची भाषा’ यातला. तिथे कुणी कुणाचे केस धरत नाही.

भरीत पार्टी
पंतोजी, मग अदलाबदली? वाटावाटी? त्यात कुणाचं डोकं फुटलं?

जुना पंतोजी
बरोबर पकडलंत. साचा परस्परतेचा, भांडण त्यात मूळ क्रियेतून येतं. पण मग प्रश्न उरतोच. ‘बोलणे’ ही काही मारण्यासारखी क्रिया नाही.

भरीत पार्टी
नाही कशी? मराठीत बोलणं हे निम्मं रागावणंच आहे. बोल लावणे, बोलणी खाणे, शब्दाला शब्द लागणे. आणि सगळ्यात साधं म्हणजे ‘तो मला बोलला’. मुंबईकडची पोरं हल्ली ‘तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे’ असं म्हणतात. आमच्या घरी असं म्हटलं तर आई आधी विचारेल, “का रे, तू काय केलं होतं?” सांगितलं या अर्थी ‘म्हणाला’. ‘मला बोलला’ म्हणजे झापलं.

शहादेकर
इथेच खरी गंमत आहे, आणि ती ‘आ–ई’त नसून प्रत्ययात आहे. ‘त्याच्याशी बोलला’ आणि ‘त्याला बोलला’. ‘शी’ असला की दोघं एका ओट्यावर बसलेले. ‘ला’ आला की एक ओट्यावर, एक खाली. अहिराणीतही तसंच. ‘त्यानासंगे बोलना’ वेगळं आणि ‘त्याले बोलना’ वेगळं.

आता हे दोन गटांना लावून बघा. आमच्याकडे शेतावर सालदार असतो. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. रोख किती, धान्य किती, कपडे काय, उचल किती, हे सगळं तोंडी ठरतं. त्याला शब्द काय? ‘बोली’. ‘अमुक बोलीवर राहिला’. म्हणजे ठरवताना मालक सालदाराशी बोलतो. साल सुरू झालं की सालदाराला बोलतो. वर्षातून एक दिवस ‘शी’, उरलेले दिवस ‘ला’.

उलटं करून वाक्य म्हणून पाहा. ‘मालक सालदाराला बोलला’ हे कुणी थांबून ऐकणार नाही. ‘सालदार मालकाला बोलला’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, “मग काय झालं?” व्याकरण दोन्ही वाक्यांचं तेच. 1972 साली शहाद्याला भिल्ल सालदार आणि मजूर एकत्र आले, श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांचं नाव घरोघर गेलं. तो लढा जमिनीचा आणि मजुरीचा, हे खरंच. पण आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं त्या दिवसांबद्दल सांगताना आधी मजुरीचा आकडा सांगत नाहीत. “ते आमले बोलाले लागनात” हे आधी सांगतात.

आणखी एक, जरा आडवाटेचं. बाजारच्या दिवशी सातपुड्यातून पावरा आदिवासी मंडळी खाली येतात. माझ्या ओळखीच्या दुकानदाराला पावरी बोली येते असं तो सांगतो. बसून ऐकलं तर त्याला येतात फक्त आकडे, ‘घे’ आणि ‘जा’. ही बोलचाल म्हणायची का, मी अजून ठरवलेलं नाही.

तापीकाठची
‘बोलचाल’मधला ‘चाल’ हा ‘चालतं–चालत नाही’मधला असेल का? ‘त्यांच्या हातचं पाणी आपल्याला चालत नाही’ म्हणायचे ना जुने लोक. म्हणजे बोलणं आणि चालणं, दोन्ही असलं तर बोलचाल.

जुना पंतोजी
सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. हा ‘चाल’ चालरीत, चालचलन यातला, वागण्याचा. तुमचा अर्थ लोकांच्या मनात नंतर येऊन बसला असेल तर मात्र मी हरकत घेणार नाही.

तापीकाठची
बसला आहेच. बरं, प्रमाणही बघा. अबोला दोन माणसांत, आणि त्यात थोडा लाडही असतो, मनधरणीची वाट पाहणं असतं. बोलचाल बंद होते दोन घरांत. आणि अख्ख्या गटाने एका घराशी तोडलं की ते वाळीत टाकणं. शेवटच्यासाठी महाराष्ट्रात 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्यासाठी कायदा नाही, शेजारी आहेत.

भरीत पार्टी
शेजारी आणि बकरी. आमच्या गल्लीत दोन घरांची बोलचाल बंद होती. एक काकू रोज संध्याकाळी बकरीला सांगायच्या, “नळ उद्या पहाटे चारला येणार आहे बरं का!” पलीकडच्या हंड्या चारला बरोबर नळावर. लेकी बोले सुने लागे, तसं बकरीला बोले शेजारीण ऐके.

बोरीकाठ
बकरीवरून आठवलं. आमच्याकडे कानबाईचे, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचे, रोट भाऊबंदच खातात. श्रावणात दळायला धान्य काढताना घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी मोजतात. आजी चुलत आजोबांच्या घरातली नावंही मनातल्या मनात मोजते. मी एकदा पकडलं, तर म्हणाली, “मुठी मोजाले बोलनं पडत नही.”

या चर्चेनंतर काल रात्री तिला फोन करून सरळ विचारलं की त्या दिवशी बांधावर नेमकी बोलाचाली काय झाली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बोलाचाली कोठे व्हयनी? तो मले बोलना. मी ऐकी लिधं.”

जुना पंतोजी
आजींचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे. माझ्या पहिल्या उत्तरात हे उदाहरण घाला.