गोळी विसरणारा निष्काळजी की आजारी?

म्हापसेकर: माझा मावसभाऊ पूर्वी सुईने नशा करायचा. आता एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. महिनाअखेर पाच-सहा गोळ्या उरतात आणि केंद्रावर दर वेळी 'निष्काळजी' म्हणून ऐकून घेतो. घरी आम्ही बघतो ना! गॅस चालू ठेवून विसरतो, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) बघता, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) बघता, मग स्मरणशक्ती का नाही? याच म्हापशात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या गोव्यातल्या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून डांबून ठेवलं होतं. आता कोंडत नाहीत, पण दोष अजून रोग्याच्याच माथी.

डिचोलीकर: नाही पटत. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा असाच गेला. घरचे सगळं आजारावर ढकलत राहिले आणि तो सुई घेत राहिला. ओव्हरडोसमध्ये श्वास मंदावतो, मेंदूला ऑक्सिजन पोचत नाही. ते नुकसान काय विषाणूने केलं? आधी नशा सुटू दे.

तिसवाडीची परिचारिका: ओव्हरडोसचं खरं आहे. पण 'आधी हे, मग ते' करतानाच माणूस हातचा जातो. लागण झाल्यावर काही आठवड्यांतच विषाणू मेंदूत शिरतो. गोळ्यांनी रक्तातला दबला तरी मेंदूतली सूज पूर्ण शमतेच असं नाही. एकमेकांची सुई वापरून हेपटायटिस सी (यकृताचा विषाणूसंसर्ग) झाला असेल तर त्याचाही विचारशक्तीवर परिणाम होतो. मेंदूवर परिणाम झालाय का हे बघायची चाचणी सोपी आहे: चार शब्द सांगायचे, बोटांची उघडझाप आणि हाताच्या तीन क्रिया क्रमाने करून घ्यायच्या, शेवटी शब्द परत विचारायचे. १२पैकी १० किंवा कमी गुण आले तर पुढे तपासायचं. आणि ताप, डोकेदुखी, गुंगी एकदम सुरू झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. मेंदूज्वर असू शकतो, क्षयाचा किंवा बुरशीचा.

डिचोलीकर: नशेत असताना चाचणी घेतली तर कोणीही नापास होईल.

तिसवाडीची परिचारिका: म्हणून शुद्धीवर असताना घ्यायची, गरज पडली तर पुन्हा घ्यायची. शिवाय नशा सोडवायला ब्युप्रेनॉर्फिन रोज समोर बसवून देतात, तेव्हाच एचआयव्हीची गोळीही द्यावी. विसरायचं कामच उरत नाही.

डिचोलीकर: हे मात्र पटलं. पण रोजची मजुरी बुडवून पेडण्याहून कोण येणार? बसभाड्याचं आधी बघा.

म्हापसेकर: तो रोज यायला तयार आहे, सोबत मी येईन. सोमवारी जातोय, चाचणीचं मीच विचारतो.