रक्ताची बाटली ‘नष्ट झाली’ म्हणतात. आता काय करायचं?

खानदेशचा_दादा
धाकटा भाऊ पिकअप चालवतो. चार महिन्यांपूर्वी रात्री नाकाबंदीत धरला, रक्त घेतलं. अहवालात 100 मिलीला 42 मिग्रॅ अल्कोहोल, मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 30. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो की घोटभरही घेतली नव्हती. सुई टोचण्याआधी दंडाला स्पिरिटचा बोळा फिरवला होता म्हणे. बाटली पुन्हा तपासा म्हणून विचारायला गेलो, तर ‘नष्ट झाली’ एवढंच उत्तर. कोणाच्या हुकमानं, कधी, कागद काहीच नाही. असं करता येतं का?

निवृत्त_तंत्रज्ञ
दादा, एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं हेच काम केलं. बोळ्यानं आकडा 42 वर जाईल असं मला वाटत नाही, पण 1959 च्या दारूबंदी रक्तचाचणी नियमांत रक्त काढताना अल्कोहोल वापरायला मनाईच आहे. गुन्ह्यात दारूबंदी कायदाही लावलाय का, ते आधी बघा. मी बाटलीतल्या फ्लोराइडची, म्हणजे रक्त टिकवणाऱ्या रसायनाची, चौकशी केली असती. ते नसेल आणि बाटली थंडीत ठेवली नसेल, तर जंतू रक्तातल्या साखरेचं अल्कोहोल करू शकतात. एकदा माझ्याकडे आलेल्या बाटलीच्या लाखेवरचा शिक्का सोबतच्या पत्रावरच्या ठशाशी जुळेना. मी बाटली उघडलीच नाही, शेरा मारून परत पाठवली.

तालुका_वकील
मोटार वाहन कायद्याच्या कलम 204 मध्ये नमुना किती दिवस ठेवायचा हे लिहिलेलं नाही, सगळा घोळ तिथंच होतो. पण मुद्देमाल न्यायालयापुढे आला असेल, तर नाश करायला न्यायालयाचा आदेश लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम 497 वाचा: आधी यादी, फोटो, चित्रीकरण, मग आदेश. निकालानंतरच्या आदेशालाही कलम 498 प्रमाणे साधारण दोन महिने थांबावं लागतं, अपील असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत. नासणाऱ्या वस्तूला सूट आहे, तिचाच आधार ते घेतील. तुम्ही मुद्देमाल नोंदवहीचा उतारा आणि नाश केल्याचा पंचनामा मागणारा अर्ज लगेच द्या.

खानदेशचा_दादा
आत्ता अहवाल पुन्हा काढून बघितला. रक्त घेतलं 9 तारखेला, प्रयोगशाळेत पोचलं 21 ला!

निवृत्त_तंत्रज्ञ
दादा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. त्या 1959 च्या नियमांत सात दिवसांत पोचवायचं असतं. बारा दिवस बाटली फ्रीजमध्ये होती की कपाटात, किल्ली कोणाकडे होती, हे विचारा.

तालुका_वकील
उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1963, सर्वोच्च न्यायालय. मधल्या दिवसांत बाटली कोणाच्या ताब्यात होती, हाही तिथं वादाचा मुद्दा होता. निकालाची प्रत अर्जाला जोडा.