मदत हवी आहे: सँडफ्लायच्या पोटात परजीवी वाढायला साखर लागते की दुसऱ्यांदा रक्त?

नमस्कार. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढच्या आठवड्यात सँडफ्लाय या माशीमुळे पसरणाऱ्या काळा आजारावर सेमिनार द्यायचा आहे आणि एका मुद्द्यावर पार अडकले आहे. जाणकारांनी कृपया वेळ काढावा.

आधी मला काय समजलं आहे ते लिहिते. चुकत असेन तर तिथेच सांगा.

मी पहिली स्लाइड मलेरियाच्या डासावरून बेतली होती: माशी चावते, लाळेतून परजीवी आत जातात. मॅडमनी ती बघताच बाजूला ठेवायला सांगितली. मग वाचत गेले तेव्हा कळलं की लिशमॅनिया, म्हणजे काळा आजाराचा परजीवी, लाळग्रंथीत जातच नाही. तो माशीच्या आतड्यातच वाढतो. शिवाय डासाची सोंड सुईसारखी थेट रक्तवाहिनीत शिरते, तसं सँडफ्लायचं नसतं. तिचे मुखावयव आखूड आणि करवतीसारखे. ती कातडी खरवडते, बारीक केशवाहिन्या फाटतात, तिथे रक्ताचं इवलंसं डबकं साचतं आणि ती ते पिते. माशी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची, उडताना आवाज नाही, आणि रक्त पिते ती फक्त मादी. नर आणि मादी दोघंही वनस्पतींचा गोड रस पितात.

माझा घोळ या गोड रसापाशीच आहे.

1942 साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस ही सँडफ्लायची जात माणसाला काळा आजार देते हे सिद्ध केलं. रुग्णांना चावलेल्या माश्या त्यांनी मनुकांवर जगवल्या आणि नंतर स्वयंसेवकांना चावू दिल्या. पाच जणांना लागण झाली. (हे वाचताना त्या पाच जणांचा विचार बराच वेळ डोक्यातून जाईना.) त्याआधीचे कितीतरी प्रयत्न फसले होते, आणि मनुकांमुळे माश्यांच्या पोटात परजीवी दाटून वाढले असं सगळीकडे लिहिलेलं आहे. पण 2018 चं संशोधन सांगतं की माशीने दुसऱ्यांदा रक्त प्यायलं की परजीवींची संख्या भराभर वाढते. मग खरं काय? दोन्ही एकाच स्लाइडवर कसं मांडू?

दुसरं, माशी परजीवी टोचते म्हणू की ओकते? मला ओकते हाच शब्द बरोबर वाटतो, पण सेमिनारमध्ये चालेल का?

प्रतिसाद

बेधडक ओकते म्हणा, घडतं तेच. परजीवी स्वतः एक चिकट जेल स्रवतात. माशीच्या आतड्याचा पुढचा भाग (अग्रांत्र) आणि मधला भाग (मध्यांत्र) यांच्यामधल्या झडपेपाशी त्याचं बूच बसतं. माशीला रक्त नीट ओढता येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि चावताना जेलसकट परजीवी जखमेत येतात. पोट न भरलेली माशी जास्त चावते, हा परजीवीचा फायदा. स्लाइडवर सगळ्यात ठळक हेच दाखवा.

तुमचा मुख्य प्रश्न दिवस मोजले की सुटतो. परजीवी पक्व होऊन माणसाला लागण करण्याजोगा व्हायला साधारण आठवडा लागतो. तेवढे दिवस माशी जगायला हवी, आणि प्रयोगशाळेत तेच अवघड. पहिलं रक्त पचवून अंडी घातली की बऱ्याच माद्या मरतात. साखरेवर त्या तग धरतात आणि परजीवींनाही पोषण मिळतं. 2018 मध्ये दुसरं रक्त दिलं ते पक्व परजीवी तयार झाल्यावर. त्या रक्ताने पक्व परजीवी पुन्हा विभाजन करणाऱ्या रूपात गेले, वाढले आणि मग परत पक्व झाले. म्हणजे आधी साखर, उशिरा रक्त. दोन्ही निष्कर्ष एकाच काळरेषेवर बसतात, तक्ता करू नका, रेषाच काढा.

आणि दुसरं रक्त रोग्याचंच असावं लागत नाही. निरोगी रक्तानेही हे घडतं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! काळरेषेचं मला सुचलंच नव्हतं. निरोगी रक्ताचं वाचून मात्र चरकले. अर्जेंटिपेस गुरांचंही रक्त पिते. गुरांमध्ये हा परजीवी टिकत नाही म्हणून मी गुरांना चित्रातून काढून टाकलं होतं. ती परत घ्यायला हवीत ना?

प्रतिसाद

हो, पण परजीवीचं कोठार म्हणून नको, माशीला रक्त पुरवणारी म्हणून दाखवा. भारतीय उपखंडात कोठार माणूसच. एक भर घाला. काळा आजार बरा झाल्यावर काहींच्या अंगावर महिन्यांनी, वर्षांनी फिकट चट्टे किंवा गाठी येतात. त्यांना ताप नसतो, ते डॉक्टरकडे जात नाहीत, पण परजीवी त्यांच्या कातडीत असतो. तुम्हीच लिहिलंत की ही माशी कातडी खरवडून डबक्यातलं पिते. त्या डबक्यात कातडीतल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशीही येतात आणि परजीवी त्यांच्यातच दडलेला असतो. म्हणून असे रुग्ण शोधून त्यांच्यावर उपचार करणं इतकं महत्त्वाचं.

मूळ प्रश्नकर्ती

हे माझ्या चित्रात कुठेच नव्हतं. चट्ट्यांचा रुग्ण आता काळरेषेच्या सुरुवातीला ठेवते, पहिला घोट तिथूनच. आज रात्री नवीन स्लाइड करून इथे वर्णन टाकते, तपासाल का?