काजूचे ऑनलाइन दुकान : आधी पैसे भरण्याचे पान तपासा

म्हापशाच्या काजू-कोकम दुकानाचे संकेतस्थळ नव्याने घडवताना सजावटीपलीकडे काय पाहावे, याविषयी थोडे सांगतो.

माझ्या मते सुरुवात पैसे भरण्याच्या पानापासून व्हावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी, म्हणजे ग्राहकाला भुलवून नको ते करायला लावणाऱ्या रचनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली असून त्यांत असे १३ प्रकार नमूद आहेत. ग्राहकाने न मागितलेली देणगी टोपलीत टाकणे, 'दोनच पाकिटे शिल्लक' अशी खोटी घाई लावणे, शेवटच्या पायरीवर अचानक शुल्क वाढवणे, हे सारे त्यांत येते. विकत घेतलेल्या थीममध्ये (संकेतस्थळाच्या तयार साच्यात) अशा गोष्टी कधीकधी आधीपासूनच चालू असतात, त्यामुळे डिझायनरने प्रत्येक चौकट स्वतः उघडून पाहावी. खरेदीच्या संमतीची खूण आधीच करून ठेवणे तर २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनाही मान्य नाही. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळक दिसायला हवा आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. लहान दुकानांत हे फार दुर्लक्षित राहते, याचे वाईट वाटते.

वेगाबाबत सांगायचे, तर गूगलने १२ मार्च २०२४ पासून 'आयएनपी' हे मोजमाप, म्हणजे बोट टेकवल्यावर किंवा क्लिक केल्यावर पान किती लवकर प्रतिसाद देते याचे माप, लागू केले असून २०० मिलिसेकंदांपर्यंतचा प्रतिसाद चांगला मानला जातो. डब्ल्यू २४० ऐवजी डब्ल्यू ३२० प्रतीचा (या आकारानुसारच्या प्रती) काजू निवडताच दर बदलतो का, हे साध्या मोबाइलवर तपासावे.